उसातला साक्षीदार

१

एलेउतेरियो सोब्रेवेगा या माणसाने जपान्यांना वाट दाखवली आणि आपल्याच तुकडीतली सात माणसं मारवली, असं सरकारी फायलीत लिहिलेलं होतं. लिहून बरीच वर्षं झाली होती. तो माणूस अजून जिवंत होता, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, आणि दर वेळी नवा कायदा झाला की नवा अर्ज करत होता.

"म्हातारे मरतात, पण फायली मरत नाहीत," व्हालदेरोसा साहेब म्हणाले आणि त्यांनी ती फाइल मानांग साल्वाच्या टेबलावर आपटली. "अमेरिकेने युद्धसैनिकांसाठी पैसे मंजूर केलेत, मुदत घातलीय, आणि वरून रोज फोन येतोय. हा दावा निकाली काढा. नामंजूर करा आणि मोकळ्या व्हा."

बाकोलोदमधल्या आमच्या दावा कचेरीत मानांग साल्वा तपासनीस होत्या आणि मी, सोसिमो, त्यांचा ड्रायव्हर आणि लेखनिक. म्हणजे गाडी चालवायची आणि लोक बोलतील ते लिहून घ्यायचं. साल्वासिओन गेपिलानो हे त्यांचं पूर्ण नाव; मानांग म्हणजे आमच्याकडे ताई, जसं मानोंग म्हणजे दादा. बाई साठीला टेकलेली, अंगाने भरलेली, हातात कायम काहीतरी खायला.

"नामंजूर करायचं तर तुम्हीच करा की साहेब," त्या केळ सोलत म्हणाल्या. "त्याला मी कशाला हवी?"

"चौकशी केल्याचं दिसायला हवं ना!"

"मग करतेच," मानांग साल्वा म्हणाल्या आणि फाइल उघडली.

आत एकाच माणसाची साक्ष होती. लोलो तेरियोने, म्हणजे या एलेउतेरियो आजोबांनी, पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा कुणीतरी शपथेवर दिलेली. मानांगने ती मला मोठ्याने वाचायला लावली.

"त्या नोव्हेंबरात सकाळी मी लानिपगाच्या रस्त्याकडेला उसात लपलो होतो. ऊस माझ्या डोक्याच्या वर होता. जपानी तुकडी समोरून गेली. सगळ्यांच्या पुढे एलेउतेरियो सोब्रेवेगा होता. त्याचे हात बांधलेले नव्हते. तो मजेत गात चालला होता, इतका तो निर्लज्ज. त्याच दिवशी डोंगरावरचा आमचा तळ जळाला."

"कोण आहे हा?" मानांगने विचारलं.

मी पान त्यांच्याकडे फिरवलं. साक्षीदाराच्या नावावर शाईची काळी पट्टी ओढलेली होती.

"वरच्या कचेरीला विचारा," साहेब दारातून म्हणाले, "पण सांगणार नाहीत. गोपनीय आहे. एक मात्र मला माहीत आहे, साक्षीदार त्याच तुकडीतला आहे. आणि त्या तुकडीतली तीनच माणसं आता उरलीत. म्हणजे गुन्हेगार सोडून."

"गुन्हेगार कोण ते अजून ठरायचंय," मानांग म्हणाल्या आणि केळ्याची साल साहेबांच्या टोपलीत टाकली.

२

लानिपगा कानलाओन ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून रस्ता. मजुरांच्या चाळीत शेवटच्या खोलीत लोलो तेरियो नातीकडे राहायचे. नात ग्लेसी दारातच कोळशावर कोंबडीचे तुकडे भाजून विकायची.

लोलो झावळ्यांच्या हिरांचा झाडू बांधत होते. आम्ही सरकारी माणसं हे कळल्यावरही हात थांबला नाही.

मानांगने त्यांना युद्धाचं काही विचारलंच नाही. त्यांची पद्धतच तशी. माणूस तारीख विसरतो, पण पोट विसरत नाही, असं त्या म्हणायच्या.

"लोलो, त्या दिवशी काय खाल्लंत?"

"मार," लोलो म्हणाले.

ग्लेसी खुदकन हसली, मग लोलोंच्या तोंडाकडे पाहून तिने कोळसे फुंकायला घेतले.

"कुणाकडून?"

"ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडून." लोलोंनी झाडूची गाठ आवळली. "बाई, मला विचारून काय मिळणार? ज्यांची माणसं गेली त्यांना विचारा. त्यांनी काय ते ठरवलंय."

"ते थुंकतात यांच्यावर," ग्लेसी एकदम उसळली. "माझी आई लहान होती तेव्हा तिला शाळेत कुणी शेजारी बसू देत नव्हतं. आणि हे? हे एक शब्द बोलत नाहीत! लोलो, सांगा ना त्यांना, तुम्ही नाही केलंत म्हणून!"

लोलो उठले, झाडू भिंतीला लावला आणि आत निघून गेले.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मानांग, निर्दोष माणूस असा गप्प बसतो?"

"दोषी माणूस असा अर्ज करत राहतो?" त्या म्हणाल्या. "चल, भूक लागली."

३

पहिल्या साक्षीदार लोला, म्हणजे आजी, रुफिना कातालबास. निवृत्त शिक्षिका, जीभ अजून छडीसारखी. युद्धात त्या सतरा वर्षांच्या होत्या, तळावर जखमींची शुश्रूषा करायच्या.

"त्या दिवशी काय खाल्लं?" त्यांनी प्रश्नच परत केला. "वेडी आहेस का गं? खायला होतं काय? भात बघून वर्ष झालं होतं. रताळी! सकाळी रताळी, रात्री रताळ्याचा पाला. जपान्यांनी रस्त्याकडेची सगळी जमीन कापसाखाली घातलेली. साखर कारखाने बंद, यांना हवं होतं कापड. आम्हा पोरींना बंदुकीच्या धाकाने बोंडं वेचायला लावायचे. ही बघ माझी बोटं. ती बोंडाची टोकं इतकी बोचायची की रक्त लागलेला कापूस फेकला म्हणून थोबाडीत खायची. मी पळून डोंगरात गेले ती त्याच रागाने."

"आणि तेरियो?"

लोला रुफिनांचा आवाज खाली आला. "आमचा निरोप्या होता. पोरगा चांगला होता. निदान मला तसं वाटायचं. मग तळ जळाला, आणि गावात कुणीतरी म्हणालं, तो पुढे होता. त्याला कुणीतरी तोंडावर विचारलं, होतास का? तो हो म्हणाला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही."

"तुमच्या तुकडीत प्रिमितिवो एस्कालेरा होते ना? ते आत्ताचे युद्धसैनिक संघटनेचे अध्यक्ष?"

"दोन प्रिमितिवो?" लोला फिसकन हसल्या. ('दोन' म्हणजे आमच्याकडे श्रीमंत जमीनदाराच्या नावाआधी लावायचा मान.) "ते होते म्हणे वरच्या मुख्य तळावर. आम्ही खालच्या तळावरचे, वरचं कोण ते आम्हाला कळू द्यायचे नाहीत. पकडलं तर नाव फुटू नये म्हणून. अमेरिकन उतरले तेव्हा हे गृहस्थ इस्त्रीची विजार घालून त्यांच्या गाडीतून आले आणि म्हणाले, मी तुमचा लेफ्टनंट."

दुसरे साक्षीदार निकासियो दुमारान, तुकडीचे आचारी. आता दोन्ही डोळ्यांनी आंधळे, पण बोलायला दुप्पट.

"काय खाल्लं? रताळी! पण मी शिजवलेली, म्हणजे ती काही साधी रताळी नव्हेत. मी चूल पेटवली आणि तेवढ्यात खालच्या घळीतून गाणं आलं."

मानांग पुढे सरकल्या. "कसलं गाणं?"

"होडीवाल्यांचं. लग्नात म्हणतात ते. 'चंद्र वर आला, उतर गं खाली, होडी लागली काठाला.' पण तो गाढव उलटंच म्हणत होता. 'चंद्र वर आला, चढ गं वरती, होडी बुडाली काठाला.' मला वाटलं ताडीवाला असेल कुणी, सकाळीच झोकलीय. मी हसलो. पण आमचा कॅप्टन पाब्लितो हसला नाही. ताडकन उठला आणि म्हणाला, रेडिओ घ्या, जखमी उचला, मागच्या धारेने वर चढा. का, ते सांगितलं नाही. आम्ही चाळीसएक माणसं वर चढलो. कॅप्टन आणि सहा जण मागे थांबले, वाट अडवायला." निकासियोंनी पांढऱ्या डोळ्यांवरून हात फिरवला. "जपानी दुपारी पोचले. ते सातजण तिथेच राहिले."

"सकाळी गाणं, आणि जपानी दुपारी?"

"घळीतून तळावर वाटच नाही, पोरी. घळ पुढे बंद होते. तिथे गेलेल्याला सगळं परत फिरून यावं लागतं. देवानेच त्यांची वाट चुकवली."

मानांगने मला गाण्याच्या दोन्ही ओळी जशाच्या तशा लिहायला लावल्या. निघताना त्यांनी सहज विचारलं, "मानोंग, तेव्हा खाली रस्त्याकडेला काय होतं हो?"

"कापूस!" निकासियो ओरडले. "आणि नाताळाच्या आधी आम्हीच तो पेटवला. काय दिसत होता! बर्फ जळतंय जसं!"

४

तिसरे साक्षीदार स्वतः दोन प्रिमितिवो एस्कालेरा. दोनदा महापौर, युद्धसैनिक संघटनेचे अध्यक्ष. लानिपगात कोण खरा सैनिक आणि कोण नाही, हे सांगणारी सही त्यांचीच. चौकात त्यांचा पुतळा बसवायचा घाट चालला होता.

त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, चॉकलेट आणि बिस्किटं मागवली. समोर उसाचा समुद्र पसरलेला होता.

"तेरियोबद्दल मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "गरीब माणूस. पण सही मी कशी करू? ते सातजण मला वरून बघतायत."

"खरं आहे," मानांगने दुसरं बिस्किट उचललं. "दोन प्रिमितिवो, त्या दिवशी सकाळी तुम्ही काय खाल्लं होतं, आठवतं?"

ते हसले. "काय प्रश्न! कॉफी असेल. ताजा पाव. रोजचंच."

"आणि ही एवढी जमीन तुमची?"

"युद्धानंतर बाबांनी घेतली. युद्धाआधी मी इथल्या शाळेत होतो तेव्हापासून माझा डोळा होता हिच्यावर. ही जमीन बघा, बाई. शंभर वर्षांत हिने ऊस सोडून दुसरं पीक पाहिलेलं नाही. एक हंगामही नाही. राजे गेले, स्पॅनिश गेले, जपानी आले नि गेले, ऊस तसाच."

मानांगचं बिस्किट तोंडाशीच थांबलं. मग त्यांनी ते शांतपणे खाल्लं, आभार मानले आणि गाडीत येऊन बसल्या. मी गाडी सुरू केली तसा त्यांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की गाडी बंद पडली.

"सिमो! साक्षीदार कुठे लपला होता?"

"उसात. डोक्याच्या वर... मानांग, ऊस नव्हता! कापूस होता!"

"कमरेएवढा कापूस. तो डोक्याच्या वर कुठून येणार? रुफिनाला माहीत आहे, निकासियोला माहीत आहे, त्या हंगामात इथे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याने युद्धाआधीचा ऊस पाहिला, नंतरचा पाहिला, आणि मधला एकच हंगाम पाहिला नाही, तोच असं लिहील. आणि ताजा पाव! अख्ख्या डोंगरात मूठभर पीठ नव्हतं. पाव मिळायचा तो फक्त शहरात, जपान्यांच्या छावणीजवळ."

"म्हणजे दोन प्रिमितिवो डोंगरात नव्हतेच!"

"गाडी वळव. तेरियोला सांगायचंय, त्याच्यावरची साक्ष खोटी आहे."

आम्ही चाळीत शिरलो तेव्हा ग्लेसी कोळसे फुंकत होती. मानांगने उभ्या उभ्याच लोलोंना सगळं सांगितलं. ग्लेसीने आनंदाने किंकाळी फोडली आणि आजोबांच्या गळ्यात पडली.

लोलोंनी तिचे हात हळूच सोडवले.

"बाई," ते म्हणाले, "ऊस खोटा असेल. पण मी पुढे चालत होतो. हात मोकळे होते, आणि मी गातही होतो."

५

ग्लेसी भिंतीला टेकून खाली बसली. मला तर वहीच बंद करावीशी वाटली. मानांग साल्वा मात्र लोलोंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"सांगा. सुरुवातीपासून."

"मला नदीच्या बाजारात पकडलं," लोलो म्हणाले. "सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं. एका माणसाच्या डोक्यावर ताडाच्या पानाची पिशवी, डोळ्यांपुरती दोन भोकं. तो एकेकासमोरून जायचा आणि ज्याच्यासमोर मान हलवायचा त्याला बाजूला काढायचे. माझ्यासमोर त्याने मान हलवली. मग मार. मार खाऊन झाल्यावर मी म्हटलं, दाखवतो तळ. मला कळलं होतं, मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणालातरी धरतील, आणि तो खरंच दाखवेल. म्हणून मीच पुढे झालो. मला खोटी वाट माहीत होती."

"घळीची."

"घळीची. रस्त्यावर मी मुकाट चाललो. तिथे तोंड उघडलं असतं तर दात पाडले असते. नदीशी तो पिशवीवालाही बंद ट्रकातून उतरून आमच्या मागे आला. नदी ओलांडली, घळीत शिरलो, तिथे त्यांच्या अधिकाऱ्याला म्हटलं, मालक, भीती वाटते, गाऊ का? तो हसला. त्याला वाटलं, पोरगं खुळं आहे. मी जीव खाऊन गायलो. घळीत आवाज घुमतो, वर पोचतो. कॅप्टन पाब्लितो होडीवाल्यांच्या गावचा होता. उलटं गाणं त्याला खटकणार, एवढाच माझा भरवसा." लोलोंनी डोक्यावरचे विरळ केस बाजूला केले. कानामागून मानेपर्यंत जुन्या जखमेचा खड्डा होता. "घळ संपली तेव्हा त्यांना कळलं. मला तिथेच टाकून गेले, मेला समजून. दोन महिने एका कोळ्याच्या झोपडीत होतो. मग दुसऱ्या तुकडीत गेलो, शेवटपर्यंत लढलो. घरी आलो तर..."

"तर लोकांनी विचारलं, पुढे होतास का?"

"मी हो म्हटलं. खरंच होतो ना. पुढचं कुणी विचारलं नाही. कचेरीतही तेच. कागदावर हो किंवा नाही एवढीच जागा होती. आणि बाई, ते सातजण मेलेच की. माझं गाणं वेळेवर पोचलं की नाही, हे मला आजवर माहीत नाही. कॅप्टनशिवाय ते कोणाला कळलं असतं? तो गेला. मग मी कोणत्या तोंडाने सांगू की मी वाचवायला गेलो होतो?"

मानांगने तोंड उघडलं, निकासियोंचं बोलणं त्यांच्या ओठावर आलं होतं, मला दिसलं. पण त्यांनी ते गिळलं.

"लोलो, ते उलटं गाणं तुम्हाला पाठ आहे?"

"विसरीन कसं?"

"आता म्हणू नका. शनिवारी नगरभवनात सुनावणी घेते, तिथे म्हणा. तोवर कुणाशी बोलू नका, निकासियोशी तर नाहीच."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सांगून टाकायचं ना बिचाऱ्याला! चाळीस माणसं वाचली म्हणून!"

"आत्ता सांगितलं तर उद्या म्हणतील, दोघांना मीच पढवलं. शिवाय, सिमो, एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही." त्यांनी छत्री उघडली. "साक्षीत गाणं आहे. तेरियो रस्त्यावर गायलाच नाही."

मी वही उघडून साक्ष पुन्हा वाचली.

६

शनिवारी नगरभवन गच्च भरलं होतं. सातजणांच्या घरचे पहिल्या रांगेत, मधोमध कॅप्टन पाब्लितोंची मुलगी कॉन्सोर्सिया, सत्तरीची, ताठ. व्हालदेरोसा साहेबही घाम पुसत आले होते. लोलो तेरियो एका कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर बसले होते, त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या.

मानांगने साक्ष वाचून दाखवली आणि अदबीने वळल्या. "दोन प्रिमितिवो, अध्यक्ष म्हणून आपलं मत हवं. हा साक्षीदार नाव लपवतो. असल्या भेकडाची साक्ष मी फेटाळावी म्हणते."

दोन प्रिमितिवोंचा चेहरा लाल झाला. ते काठी टेकून उठले.

"भेकड? बाई, तोंड सांभाळा. तो साक्षीदार मी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या उसातून!"

"कुठल्या उसातून?" मागून लोला रुफिनांचा आवाज आला.

"रस्त्याकडेच्या."

"अरे मेल्या, तिथे कापूस होता!"

म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून आवाज उठायला लागले. "कापूसच!" "मी वेचलाय!" "माझ्या आईने त्यापायी लाथा खाल्ल्यात!" "ऊस म्हणे!" एक म्हातारी तर उठून आपली बोटं सगळ्यांना दाखवत फिरायला लागली. नगरभवनात हशा उसळला.

दोन प्रिमितिवोंनी हात वर केला. "शांत व्हा! इतक्या वर्षांनी पिकाचा घोटाळा होऊ शकतो. ऊस नसेल, झुडूप असेल. पण मी याला पाहिलं आणि गाताना ऐकलं. विचारा त्याला! नाही म्हणतो का?"

"नाही म्हणत," मानांग म्हणाल्या. "लोलो, म्हणा ते गाणं."

लोलो उठले. आवाज फाटका होता, पण सूर जागेवर होता.

"चंद्र वर आला, चढ गं वरती, होडी बुडाली काठाला..."

पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेले आंधळे निकासियो उभे राहिले. काठी खाली पडली. "तो!" ते ओरडले. "तो ताडीवाला! घळीतला! तेरियो, तू होतास?"

"सिमो, वाच," मानांग म्हणाल्या.

मी निकासियोंनी सांगितलेल्या ओळी वाचल्या. शब्दाला शब्द तोच. मग मानांगने निकासियोंनाच पुढचं सांगायला लावलं, आणि त्या आंधळ्या म्हाताऱ्याने गर्दीला ओरडून सांगितलं की ते गाणं ऐकून कॅप्टन कसा उठला, रेडिओ कसा वाचला, जखमी कसे वाचले, चाळीस माणसं धारेवरून कशी वर चढली.

"मी त्यांतली एक," लोला रुफिना म्हणाल्या. त्या आता रडत होत्या आणि डोळे पुसायचं भानही त्यांना नव्हतं. "गाढवा, एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

लोलो तेरियो उभेच होते. "पोचलं होतं?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "गाणं पोचलं होतं?"

"पोचलं होतं रे!" निकासियो म्हणाले.

मानांगने सगळ्यांना शांत होऊ दिलं. मग त्या दोन प्रिमितिवोंकडे वळल्या, आणि या वेळी आवाजात अदब नव्हती.

"गाणं रस्त्यावर झालंच नाही. ते नदीपलीकडे, घळीत झालं. मध्ये आख्खी टेकडी आहे, रस्त्यावरून कान देऊनही ऐकू येणार नाही. वर तळावर ऐकू आलं, पण गाणारा कोण ते तिथल्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. ते गाणं ऐकलेला, आणि गाणारा कोण हेही माहीत असलेला माणूस एकाच ठिकाणी असू शकतो. घळीत, तेरियोच्या पाठीमागे. तिथे जपानी होते आणि डोक्यावर पिशवी घातलेला एक माणूस होता. आता म्हणा, मी हे कुणा जपान्याकडून ऐकलं. मग तो तुम्हाला कुठे भेटला तेवढं या सातजणांच्या मुलांना सांगा."

दोन प्रिमितिवो खाली बसले. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"बाबा छावणीच्या कोठडीत होते," ते म्हणाले. "मी वीस वर्षांचा होतो. मला म्हणाले, पिशवी घाल, शाळेतले ओळखीचे चेहरे दाखव, बाप सोडतो. मी एक चेहरा दाखवला. मग बंद ट्रकातून नदीपर्यंत नेलं आणि घळीत याच्या मागून चालवलं." त्यांनी मान वर केली, पण कुणाकडेही पाहिलं नाही. "पुढे तो अर्ज घेऊन आला. मला वाटलं, याला मान्यता मिळाली तर लोक याला त्या दिवसाचं विचारतील. आणि हा पिशवीबद्दल सांगेल."

कुणी त्यांना मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. ते उठून निघाले तेव्हा लोकांनी फक्त वाट दिली. खूप मोठी वाट दिली.

कॉन्सोर्सिया उठल्या. सगळ्यांना वाटलं त्या दोन प्रिमितिवोंच्या मागे जातील. पण त्या उलट्या दिशेने, कोपऱ्याकडे गेल्या आणि लोलो तेरियोंशेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"माझ्या वडिलांनी तुमचं गाणं ओळखलं," त्या म्हणाल्या. "ते कसे बोलायचे, कसे हसायचे, मला काहीच आठवत नाही. तुम्ही सांगाल?"

७

व्हालदेरोसा साहेबांनी शिफारशीवर सही केली ती तिथेच, टेबल नव्हतं म्हणून माझ्या पाठीवर कागद ठेवून. पण मानांग तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नाव झाकलेल्या साक्षीवरून आमच्या कचेरीने जेवढे दावे नाकारले होते तेवढे सगळे परत उघडायचे, असा अर्ज त्यांनी वर पाठवला आणि होकार येईपर्यंत रोज फोन केला. वरचे लोक थकले. त्या थकल्या नाहीत. त्या वर्षी आमच्या कचेरीच्या बाकावर इतके आजोबा-आजी बसलेले असायचे की साहेबांना आपल्या खोलीत शिरायला मागचं दार वापरावं लागायचं.

लोलो तेरियोंची मान्यता मार्चमध्ये आली. ग्लेसीने ते पत्र चाळीतल्या प्रत्येक घरी नेऊन वाचून दाखवलं, काही घरी दोनदा. पुतळ्याचा चौथरा तसाच राहिला. तिथे आता मुलं गोट्या खेळतात.

नऊ एप्रिलला, शौर्यदिनी, चर्चच्या पटांगणात झेंडा लागतो आणि लानिपगाच्या सैनिकांची नावं पुकारली जातात. जे गेले त्यांच्या नावाला घरचं कुणीतरी उत्तर देतं. लोलो तेरियो आयुष्यात पहिल्यांदा त्या रांगेत उभे होते, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, एका बाजूला निकासियो आणि दुसऱ्या बाजूला लोला रुफिना. मी आणि मानांग मागे बाकावर होतो. मानांगच्या हातात तांदळाची वडी होती आणि चक्क न खाता तशीच होती.

सातजणांची नावं झाली. एकेका नावाला मुलं, नातवंडं, पतवंडं ओरडली. मग पुकारणाऱ्याने पान उलटलं.

"शिपाई एलेउतेरियो सोब्रेवेगा!"

लोलोंनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुकारणारा थांबला. रुफिनांनी त्यांच्या दंडाला धरलं.

तेव्हा कॉन्सोर्सियाबाई आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे त्यांची मुलं, मग बाकीच्या सहा घरची माणसं, मग मजुरांची चाळ, मग म्हाताऱ्या बायकांची रांग, आणि सगळं पटांगण एका दमात गरजलं,

"हजर!"

चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली. वाद्यवाल्यांना इशारा मिळायच्या आधीच त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि नंतर कुणी त्यांना थांबवलं नाही.